शून्यातून न जाणारी रेष

देविकाला आपल्या हातांवर भारी भरवसा. शाळेत असताना तिने घरातला बिघडलेला मिक्सर उघडून पुन्हा जोडला होता आणि एकही स्क्रू उरला नव्हता, हे ती अजूनही कोणालाही सांगते. त्यामुळे कॉलेजात फिजिक्सच्या पहिल्याच प्रयोगाचं उत्तर भलतंच आलं, तेव्हा तिला वाईट वाटायच्या आधी नवलच वाटलं.

प्रयोग साधा होता. दोऱ्याला धातूची गोळी टांगायची, झोका द्यायचा, झोक्याचा वेळ मोजायचा आणि त्यावरून पृथ्वीच्या ओढीचं माप, म्हणजे g, काढायचं. पुस्तकात ते ९.८ आहे. देविका आणि तिचा जोडीदार सिद्धांत यांची सरासरी आली १०.१.

सोमवारी रिपोर्ट द्यायचा म्हणून रविवारी सकाळी सिद्धांत नोएडाहून मेट्रोने दिल्लीत लक्ष्मीबाई नगरला देविकाच्या घरी आला. त्याचे आईवडील पुण्याहून नोकरीसाठी आलेले, देविकाचे बाबा केंद्र सरकारात. वर्गात मराठी बोलणारे हे दोघेच, म्हणून जोडी जमली होती. देविकाच्या आईने, लतिकाकाकूंनी, मेथीचे पराठे पुढे ठेवले, तरी सिद्धांतचं लक्ष फोनमध्येच.

"अगं, ग्रुपवर बघ. सगळ्यांचं ९.८ आलंय. आपणही दोन-तीन रीडिंग्ज ॲडजस्ट करू ना यार. मॅमना काय कळतंय?"

"पण आपलं ९.८ आलं नाही ना."

"म्हणून तर ॲडजस्ट!"

"बिल्कुल नाही," देविका म्हणाली. "वेळ मी नीट मोजलाय, लांबी तू नीट मोजलीस. मग हे जास्तीचं आलं कुठून, ते शोधू. नाही सापडलं, तर नाही सापडलं असं लिहू."

"आणि मार्क गेले तर?"

"जाऊ देत. पराठा खा."

तिने सरासरी बाजूला ठेवली आणि एकेक उत्तर वेगळं मांडलं. सगळ्यात लांब दोऱ्याचं उत्तर ९.९ होतं, सगळ्यात आखूड दोऱ्याचं १०.३. दोरा जितका आखूड, तितकं उत्तर फुगलेलं. ती खुर्चीत पुढे सरकली.

"ग्राफ काढ. तुझी रेष माझ्यापेक्षा सरळ येते."

आडव्या अक्षावर लांबी, उभ्यावर वेळेचा वर्ग. सिद्धांतने ठिपके दिले, पट्टी लावली. सगळे ठिपके शहाण्यासारखे एका रेषेत आले. पण दोराच नसेल तर झोक्याला वेळही नाही, म्हणजे रेष शून्यातून जायला हवी होती. ती लांबीच्या अक्षाला शून्याच्या पुढे, एका सेंटिमीटरवर जाऊन मिळाली.

सिद्धांतचा चेहरा पडला. "म्हणजे मी प्रत्येक लांबी एक सेंटिमीटर जास्त मोजली. सॉरी."

"सॉरी कशाला? माणूस चुकला तर कधी कमी, कधी जास्त मोजतो. दरवेळी तेवढंच जास्त, म्हणजे गडबड लॅबच्या पट्टीत आहे. आता रेषेचा चढ बघ, g त्यावरूनही निघतं. सगळ्या लांब्या सारख्याच सरकल्या, तर चढ बदलतो का?"

त्याने कॅल्क्युलेटर उचलला. एकदा आकडेमोड केली, विश्वास बसेना म्हणून पुन्हा केली. "९.७८," तो म्हणाला आणि खो खो हसत सुटला. लतिकाकाकू स्वयंपाकघरातून डोकावल्या.

रिपोर्टमध्ये त्यांनी दोन्ही उत्तरं लिहिली. खाली देविकाने लिहिलं, 'मोजपट्टीचं शून्याकडचं टोक झिजलेलं असावं. अजून तपासलेलं नाही.'

सोमवारी चेतना मॅम त्या ओळीपाशी थांबल्या. त्यांनी कपाटातून ती लाकडी पट्टी काढली, स्टीलच्या पट्टीशेजारी धरली. टोकाचा पहिला सेंटिमीटर गायब होता. ती पट्टी आळीपाळीने सगळ्या टेबलांवर फिरली होती.

"फिर बाकी सबका नौ दशमलव आठ कैसे आया?" मॅमनी शांतपणे विचारलं.

मॅमनी सगळ्यांना शुक्रवारपर्यंत प्रयोग पुन्हा करायला सांगितला आणि सिद्धांतला फळ्यापाशी बोलावलं. सुरुवातीला तो फळ्याकडेच तोंड करून बोलत होता. पण ती रेष काढून झाल्यावर तो वळला आणि एकेक पायरी अशी समजावून देऊ लागला, की मागच्या बाकांवरचे फोन खाली गेले. देविकाने मधे एक शब्द टाकला नाही.

रिपोर्टला दहापैकी नऊ मिळाले. एक मार्क अक्षांवर एककं न लिहिल्याबद्दल गेला, आणि तो देविकाचाच हलगर्जीपणा होता. तिने तो मुकाट्याने मान्य केला.

बाहेर वर्गातला विक्रांत आडवा आला. "तुम्हारी वजह से सब दोबारा करना पड़ेगा!"

"चलो, मैं साथ बैठूँगी," देविका म्हणाली. "लेकिन रीडिंग तुम खुद लोगे."

विक्रांतने खांदे उडवले, मग दुपारी किती वाजता बसायचं ते विचारलं.