दोन ठोके

मकाव पोपटाला न्यायला पिंजरेवाला संध्याकाळी पाचला येणार होता, आणि धाकटी सून सकाळपासून तोंडात गुळणी धरून बसली होती.

पक्षी सासऱ्यांचा. निळी पाठ, पिवळं पोट, शेपटीसकट हातभर लांब. सासऱ्यांच्या मागच्या सुतारकामाच्या खोलीत, लाकडाच्या भुशातच वाढलेला. सासरे गेले, पिंजरा पुढच्या खोलीत आला आणि दोन महिन्यांत त्याने छातीवरची पिसं उपटून काढली. पहाटे आणि तिन्हीसांजेला तर असा किंचाळायचा की पाळण्यातली चार महिन्यांची पोर दचकून उठायची. मग कुणीतरी धावत जाऊन पिंजऱ्यावर चादर टाकायचं.

"अजून तीस वर्षं जगणार मेला," सासूबाई म्हणायच्या. "माझ्या उरावर बसून."

पिंजरेवाला दारात आला आणि पक्ष्याने आरोळी ठोकली. नवऱ्याने सवयीने चादर उचलली. सुनेने ती हिसकावून घेतली.

"थांबा. ऐकू द्या मला."

"सगळ्या गल्लीला ऐकू जातंय," नवरा म्हणाला.

पक्षी ओरडला, थांबला, मान वाकडी करून मागच्या खोलीकडे पाहू लागला. पुन्हा ओरडला, पुन्हा थांबला. ते थांबणं तिच्या ओळखीचं होतं. पोरही रडता रडता अशीच थबकायची, कुणी ओ देतंय का बघायला. आणि तिला आठवलं, या वेळेला तो ओरडला की मागून दोन ठोके यायचे. सासरे मेजावर हातोडा आपटायचे. घर समजायचं, काम चाललंय.

पोरीला कडेवर घेऊन ती मागे गेली. खट. खट.

पक्षी गप्प. त्याच्या गालांची उघडी पांढरी कातडी हळूहळू गुलाबी झाली, सासऱ्यांपाशी व्हायची तशी.

"आज गप्प बसला, ताई. उद्या?" पिंजरेवाल्याने विचारलं.

"उद्याही ठोकेन. तो कुठेही जाणार नाही."

"आणि शेजारी?" नवऱ्याने विचारलं.

"चादर त्यांच्यावर टाकू."

"या घरात विचारायची पद्धत आहे," सासूबाई कडाडल्या.

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

पिंजरेवाला रिकाम्या हाताने गेला. त्या रात्री तिच्याशी कुणी बोललं नाही. तीही नमली नाही.

पहाटे पोर अंगावर पीत असताना पक्षी ओरडला. तिला उठता येईना. तो दुसऱ्यांदा ओरडला.

मागून आवाज आला. खट. मग जरा चाचरत, खट.

"ऐकलंस ना?" सासूबाईंचा घोगरा आवाज. "आता गप पड, मेल्या."