सीटखालचं हिरवं पाकीट

च्वांग उस्तादांचं पोट स्टीअरिंगला टेकतं, म्हणून कुठल्याही गाडीत बसायच्या आधी ते सीट खाडकन मागे ढकलतात. पार शेवटच्या खाचेपर्यंत. मग चावी फिरवतात आणि म्हणतात, "काही झालेलं नाही हिला."

फान काकूंच्या गाडीबद्दल त्यांचं असं तीनदा म्हणून झालं होतं.

काकूंचं चांगह्वा शहराच्या बाजारात बावानचं, म्हणजे सारण भरलेल्या तळलेल्या गोळ्यांचं, दुकान. उंची बेताची, जीभ नाही. त्यांच्या गाडीतला एअरबॅगचा दिवा मधेच लागायचा, मधेच विझायचा. स्कॅनर लावला की दर वेळी एकच तक्रार निघायची: सीट पुढे आहे की मागे हे सांगणारा सेन्सर गडबडतोय. हा सेन्सर सीटखाली रुळावर असतो. माणूस स्टीअरिंगला चिकटून बसला असेल तर एअरबॅगने जरा बेताने फुगावं, म्हणून. उस्तादांनी सेन्सर बदलला, दिवा परत लागला. सॉकेट बदललं, दिवा परत लागला. मग त्यांनी गाडी तीन दिवस स्वतः फिरवली. मासे आणायला, केस कापायला, सासूला देवळात सोडायला. दिवा लागला नाही.

"काकू, तो दिवा तुम्हालाच बघून लागतो," चहाच्या टेबलाशी बसून उस्ताद म्हणाले.

"तुला तीन वेळा बघून मलापण लाल दिसायला लागलंय." काकूंनी चहाची वाटी उपडी ठेवली. "अजून एकदा लागला की मी समोर जाणार. आशिनकडे."

समोर म्हणजे रस्त्यापलीकडे. आशिन हा उस्तादांनी नऊ वर्षं शिकवलेला शिष्य. गॅरेज काढायला त्याला अख्ख्या तैवानात आमच्या दारासमोरचीच जागा सापडली. बाकी सगळी गिऱ्हाईकं गेली तरी उस्तादांनी सोसलं असतं. पण फान काकू गेल्या असत्या तर गुपचूप गेल्या नसत्या. बावान वाढता वाढता साऱ्या बाजाराला सांगितलं असतं, आणि उस्तादांना त्या बाजारात पुन्हा तोंड दाखवायची सोय उरली नसती.

चारच दिवसांनी सकाळी काकू गाडी घेऊन हजर. दिवा लागलेला.

"हा बघ."

उस्ताद बसले. सीट खाडकन मागे. चावी बंद केली, परत फिरवली. दिवा गायब.

"काही झालेलं–"

"उस्ताद, उतरा जरा," मी म्हटलं. "काकू बसतात तिथे सीट आणून बघू."

"सीट कुठेही नेली तरी सीटच असते, सूच्येन."

सतरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली आहे. असलं ज्ञान फुकट मिळतं, म्हणून टिकले. ते उतरले, मी बसले आणि सीट पुढे ओढली, गुडघे डॅशबोर्डला लागेपर्यंत. स्कॅनरवर "पुढे" आलं, मग "मागे", परत "पुढे", मग काहीच नाही. दिवा लागला. आणि बुडाखाली काहीतरी कुरकुरलं.

मी उतरले आणि टॉर्च घेऊन वाकले. सीटखाली मक्याच्या खाऊची तीन हिरवी पाकिटं कोंबलेली.

आता हिरवं पाकीट आमच्याकडे कुठे नसतं? बँकेच्या मशीनवर असतं, दवाखान्यात असतं. या खाऊच्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग', म्हणून तो जवळ ठेवला की यंत्रही तसं वागतं, अशी सगळ्यांची श्रद्धा. हिरवंच लागतं, आणि तारीख उलटलेलं चालत नाही. पहिलं पाकीट उस्तादांनी गेल्या वर्षी सर्व्हिसिंगला ठेवलेलं. दिवा लागला म्हणून दुसरं. परत लागला म्हणून तिसरं. सेन्सर बदलताना त्यांनी ती बाहेर काढली होती, आणि देव्हाऱ्यातले देव पुसून मांडावेत तशी परत आत मांडली होती. सीट पुढे आली की ती फुगलेली पाकिटं वायर रुळावर दाबायची. वायर आतून तुटायला आली होती.

उस्ताद माझ्याशेजारी वाकले. "उंदीर म्हण," ते हळूच म्हणाले.

"काय?"

"उंदराने कुरतडली म्हण."

"आणि जाताना खाऊ ठेवून गेला?"

"काय कुजबुजताय रे दोघं?" काकू मागेच उभ्या होत्या. मी काय ते सांगून टाकलं.

"वायर दाबली गेली, एवढंच ना?" काकू म्हणाल्या. "मग बांध की नीट. माझ्याकडे रोज काहीतरी करपतं. होतं माणसाच्या हातून."

उस्तादांचा जीव भांड्यात पडला. तो तिथे जेमतेम टेकला असेल, तेवढ्यात काकूंनी एक पाकीट उचललं, चष्मा कपाळावर सरकवला आणि मागची बाजू वाचली.

"मे."

"काय काकू?"

"मे महिन्यात संपलंय हे. आता भुतांचा सातवा महिना चालू आहे, सगळी मोकळी सुटलीत, आणि तू मला शिळ्या पाकिटावर बसवून गावभर फिरवलंस?"

"बाकीची दोन ताजी आहेत, काकू."

"नासक्याला चिकटून ताजं ठेवलं की त्याचं काय होतं ते मला शिकवू नकोस. मी खाण्याचा धंदा करते."

मी वायरीचा तुकडा बदलला, रुळापासून लांब बांधला. सीट चाळीस वेळा पुढेमागे केली. स्कॅनर पुढे असली की "पुढे" म्हणाला, मागे असली की "मागे", एकदाही गडबडला नाही.

"काकू, आता दिवा लागणार नाही."

"तू गुणाची आहेस गं," काकू म्हणाल्या, गाडीत बसल्या आणि सरळ रस्ता ओलांडून आशिनच्या दारात जाऊन थांबल्या.

आशिनने नवं पाकीट आणलं. तारीख एवढ्या मोठ्याने वाचली की आम्हालाही ऐकू आली. मग दोन्ही हातांनी ते डॅशबोर्डवर ठेवलं. सीटखाली तो वाकलासुद्धा नाही.

दिवा त्यानंतर लागलेला नाही. बाजारात म्हणतात, आशिनच्या हाताला गुण आहे. गेल्या महिन्यात आमची तीन गिऱ्हाईकं तिकडे गेली. त्यातल्या दोघांच्या गाड्या ठणठणीत होत्या. ते नुसतं पाकीट ठेवून घ्यायला गेले होते.