सोमवारची नळी

राजेश्वरीचा पंचेचाळिसावा वाढदिवस नेमका सोमवारी आला आणि तिथूनच माझं डोकं फिरायला सुरुवात झाली. सोमवारी प्रियदर्शनीचं साड्यांचं दुकान बंद असतं, म्हणून गाडी चालवायला ती मोकळी होती. मीही पोस्टातून रजा काढली होती. कडेगावातून सकाळी निघायचं, वाटेत जे जे चांगलं मिळतं ते खात-पीत साताऱ्यापर्यंत जायचं आणि दिवस मावळायच्या आत घरी, असा आम्हा तिघी शाळेतल्या मैत्रिणींचा बेत होता. आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती गाडीत बसता बसता म्हणते, "तुमी खावा गं. माजा सोमवार हाय."

तिचा सोमवार साधासुधा नाही. तीन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याचं, लालासाहेबांचं, लिव्हर दारूनं कामातून गेलं होतं. दारू बंद, मटण बंद, नाहीतर आमच्याकडं परत आणू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं. माणूस वाचला. तेव्हा राजेश्वरीनं सागरेश्वराला बोलून टाकलं, हे असेच नीट राहू देत, मी जन्मभर सोमवार धरीन. म्हणजे दिवसभर पाणी आणि बिनदुधाचा चहा, आणि सांजेला दिवा लावल्यावर बिनमिठाचं जेवण. दारू प्यायली त्यानं आणि पोट मारायचं हिनं. आमच्या आजोबांनी छप्पन साली देव सोडले तेव्हा उपासही सोडले, त्यामुळे मला ह्यातलं काही कळत नाही असं तिचं म्हणणं. मला चांगलं कळतं. कळतं म्हणूनच संताप येतो.

कराडजवळ मलकापुरात मिसळ खाल्ली. म्हणजे मी आणि प्रियदर्शनीनं खाल्ली. तर्रीनं आमच्या नाकातून पाणी येत होतं आणि वाढदिवसाची बाई समोर बसून काळ्या चहावर फुंकर घालत होती. लोक आमच्याकडं बघत होते, जणू आम्हीच तिला उपाशी ठेवलंय. प्रियदर्शनी मला टेबलाखालून पाय मारत राहिली, गप्प बस म्हणून. मी आणखी एक पाव मागवला.

साताऱ्यात कंदी पेढ्यांच्या दुकानात मालकानं चवीला म्हणून तिघींच्या हातावर एकेक पेढा ठेवला. मी म्हटलं, "पेढा उपासाला चालतो. जगाला चालतो." तिनं तो पेढा कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकला आणि वर अर्धा किलो बांधून घेतले. "ह्यास्नी लय आवडत्यात," म्हणाली.

"आणि तुला काय आवडतं?"

ती विचार करायला लागली. मी मस्करीत विचारलं नव्हतं, पण इतका वेळ लागेल असंही वाटलं नव्हतं. शेवटी म्हणाली, "काय की गं. घरात त्येंच्या आवडीचंच हुतंय, तेच आपलं खायाचं."

माझं टाळकं सणकलं. पंचेचाळीस वर्षांच्या बाईला स्वतःच्या जिभेची चव सांगता येत नाही, आणि हिला त्याचं काहीच वाटत नाही. त्या क्षणी मी ठरवलं, आज हिचा उपास मोडायचाच.

परतीच्या वाटेवर, उंब्रजच्या अलीकडं हायवेला लागून एक मटणाचं हॉटेल आहे. लालासाहेब गेली वीस वर्षं त्याचं कौतुक सांगत आलेत. तिथला रस्सा, तिथल्या भाकरी, आणि हिनं केलेलं मटण त्यापुढं कसं पाणीदार. हिला मात्र एकदाही नेलं नाही. ती बायकामाणसांची जागा नाही म्हणे. मी प्रियदर्शनीला गाडी तिथंच घ्यायला लावली. राजेश्वरी नको म्हणाली नाही. "तुमी जेवा. मी बगून तरी घेते," म्हणाली.

जागा बायकामाणसांची नाही म्हणे, आणि दारात पोरांसाठी घसरगुंडी होती. सोमवार असल्यामुळे आत टेबलं मोकळीच होती. फक्त कोपऱ्यात तिघे बसले होते, आणि त्यातली आमच्याकडं असलेली पाठ मी लांबूनच ओळखली. उसाच्या मीटिंगला कराडला जातो म्हणून सकाळी घरातून निघालेले लालासाहेब. समोर ताट, बाजूला स्टीलचा पेला. त्या पेल्याचा वास आमच्यापर्यंत येत होता आणि तो ताकाचा नव्हता.

आम्ही उभ्या असतानाच वेटर वाटी घेऊन आमच्या अंगावरून पुढं गेला आणि त्यांच्यासमोर ठेवत म्हणाला, "सायेब, तुमची सोमवारची नळी. बाकीच्यांचा सोमवार असतोय, म्हनून तुमास्नी राखाय जमतंय बगा."

लालासाहेब खूश होऊन हसले. नळी उचलली आणि ताटात ठोकली.

दर सोमवारी. ही तिकडं काळ्या चहावर दिवस काढत होती तेव्हा दर सोमवारी. मी तशीच पुढं निघाले, पण राजेश्वरीनं माझं मनगट धरलं. इतकं घट्ट तिनं मला कधीच धरलं नव्हतं. मग ते सोडून ती स्वतः गेली आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

सोबतच्या दोघांनी माना खाली घातल्या. मला वाटलं, आता दाजी शरमेनं मरतील. त्यांनी तिच्याकडं बघितलं, मागं आम्हा दोघींकडं बघितलं, आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "आज उपास हाय न्हवं तुजा? उपासाच्या दिशी मटनाच्या हॉटेलात पाय ठेवतीस?"

माझ्या तोंडात शिवी आली होती. ती बाहेर पडायच्या आत राजेश्वरीनं समोरची खुर्ची ओढली आणि बसली.

"तुमच्यासाठी धरला हुता," ती म्हणाली. "तुमी जेवलासा. सुटला."

तिनं वेटरला थाळी सांगितली, दोन भाकरी जास्तीच्या. नळी आहे का विचारलं. तो चाचरत म्हणाला, शेवटची साहेबांना दिली. तिनं हात लांब करून त्यांच्या पुढ्यातली वाटी आपल्याकडं ओढली.

"अगं, लोकं बगत्यात," लालासाहेब दबक्या आवाजात म्हणाले आणि उठायला लागले.

"बसा," ती म्हणाली. "तुमचं ताट झाल्याबिगार मी कवा जेवले न्हाई. आज माजं हुईस्तवर तुमी बसायचं."

ते बसले. थाळी आली. आम्ही दोघी तिच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या घेऊन बसलो, पण आमच्यासाठी कुणी काही मागवलं नाही. तिनं भाकरी मोडली, रश्शात बुडवली आणि एकेक घास चावून चावून, सावकाश जेवली.