वेलचीचा बन

"खा गं मुकाट्याने! माझ्या दारात चक्कर येऊन पडलीस तर निस्तरायचं कुणी?"

सोलवेगने वेलचीचा बन तूवाच्या हातात कोंबला आणि कॉफीचा कप पुढे सरकवला. रात्रभर आगगाडीत बसून पार उत्तरेतल्या किरुनाहून आलेली पोर. आठवा महिना, ओठ पांढरेफटक. सोलवेगच्या माहेरी दारी आलेल्याला कॉफी न विचारणं म्हणजे पाप. रुग्णालयाच्या एमआरआय खोलीत काम करताना केस पिकले तरी बाईची ती खोड काही गेली नव्हती.

"पप्पांना सांगून आलेय, लगेच परतते म्हणून," तूवा घास गिळत म्हणाली. "खाणीच्या धुळीनं फुप्फुसं गेली त्यांची. आता थोडेच दिवस. म्हणतात, नात काही दिसायची नाही मला, पण तिची लाथ तरी हाताला लागू दे."

"लागेल की! हृदय नीट दिसलं की संध्याकाळची गाडी पकड."

"आणि नाही दिसलं तर?"

सोलवेगने कप आणखी पुढे सरकवला. सोनोग्राफीत बाळाच्या हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी अरुंद वाटली होती. खरंच तसं असेल तर जन्मताच शस्त्रक्रिया, आणि ती दक्षिणेतल्या याच रुग्णालयात. म्हणजे तूवाला बाळंत होईपर्यंत इथेच मुक्काम. एमआरआयमध्ये रक्तवाहिनी स्वच्छ दिसली, तरच घर.

तूवाला डाव्या कुशीवर निजवून, पोटावर बाळाचे ठोके टिपणारा पट्टा बांधून सोलवेग काचेपलीकडे बसली आणि पडद्याकडे बघू लागली. बाळ नुसतं उसळत होतं. हृदयाच्या जागी पुसट डाग.

कॉफी! सकाळी कॉफी नको, गोड नको, बाळ चेकाळतं. हे सगळ्यांना पढवणारी ती स्वतः. गेल्याच आठवड्यात याच चुकीवरून तिने नव्या नर्सला चारचौघांत फाडून खाल्लं होतं.

डॉक्टर हेन्निंग मागे येऊन उभे राहिले. "भलतीच नाचरी दिसतेय. आईने काही खाल्लं-प्यायलंय का? तसं असेल तर उद्या पुन्हा काढू."

"नाही," सोलवेग म्हणाली.

एवढुसा शब्द. परत गिळायला अख्खी दुपार हातात होती, पण जीभ रेटेना. चांगली चित्रं मिळेनात, बाळ मुळातच चळवळं, पुन्हा काढून उपयोग नाही असं समजून हेन्निंगनी धोका पत्करला नाही आणि तूवाला ठेवून घेतलं. एका सकाळी फोन आला, पप्पा गेले. पुढे मुलगी झाली. रक्तवाहिनी चांगली रुंद, हृदय ठणठणीत. वॉर्डात सगळ्यांनी आनंद केला. सोलवेग कपडे बदलायच्या खोलीत जाऊन ढसाढसा रडली.

आता तीच तूवा घरी परतायच्या आधी भेटायला आली होती. काखेत मुलगी, हातात डबा.

"वेलचीचे बन. मीच केलेत. त्या दिवशी या एवढ्या मोठ्या इमारतीत मला खायला विचारणारी तू एकटीच. घे ना हिला, बघतेस काय नुसती!"

सोलवेगने मुलीला मांडीवर घेतलं. पोरीने पाय झाडला आणि टाच सोलवेगच्या तळहातावर सणकन बसली. ही लाथ भलत्याच हाताला लागली, असं तिला वाटलं आणि तिने हात मागे घेतला.

"एक विचारू?" तूवाचा आवाज खाली आला. "मला फोनवर बजावलं होतं, कॉफी घेऊ नकोस. तू दिलीस तेव्हा मी बोललेच नाही. भूक लागली होती गं. त्यानंच बिघडलं का? पप्पांना हिच्या लाथेला मीच मुकवलं का?"

बाई, आता तरी बोल! सोलवेगने मुलीला जपून तिच्या आईकडे दिलं.

"तू नाही, तूवा. नियम मला पाठ होता, आणि कॉफी मी दिली. वर हेन्निंगनी विचारलं तेव्हा 'नाही' म्हणाले. लाज वाटली मला. तुझ्या पप्पांपेक्षा माझी अब्रू मला मोठी वाटली."

"खरं सांगितलं असतंस, तर पुन्हा काढला असता?"

"दुसऱ्याच दिवशी."

तूवा बराच वेळ मुलीचा मोजा सारखा करत राहिली. मोजा सारखाच होता.

"पप्पा त्यानंतर आठवडाभर होते," ती म्हणाली. "रोज विचारायचे, निघालीस का."

ती उठली, मुलीला कोटात गुंडाळलं आणि मागे न बघता गेली. डबा तसाच राहिला.

सोलवेगने डबा उचलला. मग ती जिना चढली आणि हेन्निंगच्या दारावर टकटक केली.

"अरे वा, बन!" हेन्निंगनी चष्मा वर केला. "बस, कॉफी सांगतो."

"कॉफी नको. त्या दिवशीच्या माझ्या 'नाही'बद्दल बोलायचंय," सोलवेग म्हणाली आणि तिने दार आतून लावून घेतलं.