वडिलांनी वर केलेला हात

तरुण पाळक उपदेशात म्हणाला, "ख्रिस्त अनादी आहे, देवच आहे. पण 'पुत्र' हे नाव त्याला मरियेच्या पोटी जन्मल्यावर मिळालं." पुत्रही अनादीच आहे असं मानणाऱ्या मंडळीत गहजब झाला. पंचांची बैठक बसली, आणि पंचांचे प्रमुख होते पाळकाचे सख्खे वडील.

"मग त्याआधी देवपिता कुणाचा पिता होता?" त्यांनी विचारलं.

"बाबा, मला शास्त्रात जे दिसतं तेच बोललो. पोटासाठी शब्द फिरवू का?"

त्याला काढून टाकायला मतं मागितली, तेव्हा वडिलांनीही हात वर केला.

दुसऱ्या दिवशी मंडळीनं दिलेलं घर सोडायला पाळकाच्या दारात टेम्पो लागला. वडील न बोलावता आले आणि पुस्तकांची खोकी उचलू लागले.

"राहू द्या बाबा, कंबर धरेल."

"माझं काही चुकलं नाही," वडील म्हणाले.

"माझंही नाही."

दोघांनी मिळून कपाट वर चढवलं. टेम्पो सुरू झाला तसे वडील खिडकीशी आले. "पोचलास की फोन कर," एवढंच ते म्हणाले.

संध्याकाळी फोन आला, पण सुनेचा. मुलगा पुढे त्यांच्याशी कधी बोललाच नाही.