दिवा हिरवा असताना

भोंगा वाजला तेव्हा ठमाबाई वाफ्यात वाकून जनावरांसाठी घास कापत होती. विळा तिथंच टाकून ती उठली आणि उसाच्या कडेनं नजर फिरवू लागली. बिबट्यासाठी कंपनीनं बसवलेल्या खांबावरचा हिरवा दिवा लाल झालेला. वस्तीवरून गेणभाऊ आणि चार गडी काठ्या, पत्र्याचे डबे घेऊन पळत आले. डबे बडवले, फटाके उडवले, तरी उसातून काही म्हणता काही निघेना. शेवटी गेणभाऊनं मोबाईल काढून फोटो पाहिला आणि तो मटकन बांधावर बसला. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ठमावैनी, ह्यो बगा तुमचा बिबट्या."

फोटोत हिरव्या घासात काहीतरी तांबूस, पाठ वर काढून वाकलेलं होतं. भोवती चौकट आणि वर लिहिलेलं, बिबट्या.

"मी हाय व्हय ही?"

"मंग कोन? ती तांबडी शाल पांघरून वाकू नगा राव. मशीनला वाटतं, चार पायांचं जनावर आलं."

ठमाबाईही हसली. पण हसता हसता तिच्या मनात आलं, मशीनचं काय चुकलं? बिबट्यालाही तसंच वाटतं. बोरी गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं की उभ्या माणसाच्या वाटेला तो सहसा जात नाही. खुरपायला बसलेलं, वाकलेलं माणूस त्याला शेरडासारखं दिसतं. आणि बाईमाणसाचा तर सगळा जन्मच वाकून जायचा. त्या दिवसापासून तिनं शाल अंगावर घेणं सोडलं. घासाचा भारा बांधायला ती वापरू लागली.

खांबाला मात्र कुणी नावं ठेवत नव्हतं. ठेवणार कसं? दिवाळीत शेजारच्या सरूबाईचा नातू सार्थक अंगणात मातीचा किल्ला करत बसला होता. भोंगा वाजला, सरूबाईनं पोराला बखोट्याला धरून आत ओढलं, कडी लावली, आणि खिडकीतून बघते तर बिबट्या त्या किल्ल्यावरून चालत गेलेला. दुसऱ्या दिवशी तिनं खांबाला हळदकुंकू लावून नारळ फोडला. कंपनीचा पोरगा म्हणाला, "मावशी, हा देव नाही, एआय आहे." सरूबाई म्हणाली, "माझं लेकरू दिलं ना त्यानं? मंग तुला काय करायचंय?"

एआय म्हणजे काय, हे गेणभाऊ सांगायचा, मशीनला डोकं दिलंय. कॅमेरा आपलं आपण ओळखतो, भोंगा वाजवतो आणि सगळ्यांच्या मोबाईलवर फोटो धाडतो. आधी दिवस कलला की मळ्यातल्या बायका एकमेकींना हाका मारत घरी निघायच्या. कुणाची ओ आली नाही तर चौघीजणी बघायला जायच्या. आता मान वर करून दिवा पाहिला की झालं. शाळेतही बाईंनी पोरांकडून घोकून घेतलं होतं. लाल दिसला तर आहे तिथं उभं राहायचं, टाळ्या वाजवायच्या, ओरडायचं, पळायचं नाही. हिरवा दिसला की घरी जायचं. ठमाबाईची नात संस्कृती दुसरीत होती. तिनं तर आजीला फर्मानच सोडलं, "तू न्यायला नको येत जाऊ. दिवा हाय ना. पोरं मला बालवाडी म्हनत्यात."

लेक आणि सून दोघंही नारायणगावला कामाला, अंधार पडल्याशिवाय येत नसत. तेव्हा पोरीची सगळी जोखीम ठमाबाईच्या गळ्यात. ती वाफ्यातूनच वाटेकडं लक्ष ठेवू लागली. डांबरी सडकेवरून निघालेली वाट दोन्ही बाजूंच्या उसातून यायची, खांबाला वळसा घालायची आणि मग घराकडं जायची.

पौषातली संध्याकाळ होती. घास कापून तिनं शालीवर टाकला, कंबरेवर हात ठेवून ती उभी राहिली, आणि आधी तिला शेपटी दिसली.

खांबाच्या अगदी बुडाशी, उसाच्या वाळक्या पाचटात, तो पोट टेकून बसला होता. तोंड वाटेकडं. वर दिवा हिरवागार.

आता सांगायला लाज वाटावी अशी गोष्ट, पण ठमाबाईला पहिल्यांदा संशय आला तो स्वतःच्या डोळ्यांचा. दिवा हिरवा आहे म्हणजे कुत्रं असेल, म्हातारपणाची नजर. तेवढ्यात त्यानं कान हलवला आणि उसातून संस्कृतीचा आवाज आला. पोरगी पाढे म्हणत येत होती.

"सरू!" ठमाबाई ओरडली. "अगं सरू, बिबट्या!"

सरूबाई दारात आली. तिनं खांबाकडं पाहिलं. "दिवा हिरवा हाय की गं. कुत्रं असंल," म्हणाली आणि धारेला आत गेली. तिला तरी काय बोलायचं? दिव्यानं तिला कधी फसवलं नव्हतं.

"संस्कृती, थांब! तितंच थांब!"

पाढे थांबले. "हिरवा हाय, आज्जी!" उसातून उत्तर आलं, आणि पाढे पुन्हा सुरू झाले, आणखी जवळून.

माघारी पळ म्हणावं, तर पोरगी पळेल, आणि पळत्या लेकराला तो सोडत नाही. धावत जावं, तर ती पोचायच्या आधी त्याची उडी. आजीचं ऐकत नाही, दिव्याचं ऐकते कार्टी. मग दिवाच लाल व्हायला पाहिजे.

तिनं घासाखालची शाल हिसकून काढली, डोक्यावरून घेतली, आणि कॅमेऱ्यासमोर वाफ्यात दोन्ही हात टेकून ओणवी झाली.

बिबट्याची मान वळली.

जन्मभर जे करू नये म्हणून पोरीबाळींना सांगितलं, तेच ती त्याच्या डोळ्यांदेखत करत होती. उभं राहा, उभं राहा, असं सगळं अंग सांगत होतं. ती गुडघ्यांवर तशीच पुढं सरकली. खाली घातलेल्या नजरेला दोन पिवळे पंजे पाचटातून उठताना दिसले. "मळगंगे, वाजव गं माय," ती पुटपुटली. खांब गप्प होता. बाई आहे की जनावर, याचा तो आपला विचार करत असावा. बिबट्यानं एक पाऊल तिच्याकडं टाकलं. मग दुसरं.

आणि भोंगा वाजला.

डोक्यावरच कडकडाट झाल्यासारखा बिबट्या दचकला, अर्धवट वळला आणि उसात शिरला. वाटेवरून टाळ्यांचा आवाज येऊ लागला. शिकवल्याप्रमाणं संस्कृती जागच्या जागी उभी राहून टाळ्या वाजवत होती, ओरडत होती. तिनं काहीच पाहिलं नव्हतं.

गेणभाऊ आणि गडी आले. पाचट तुडवून झाल्यावर त्यांनी मोबाईल पाहिले. फोटोत पुन्हा ठमाबाईच, या खेपेला रांगणारी.

"काय वैनी, रोज वरात काढायची का आमची?"

"व्हता, भाऊ. तितं खांबापाशी व्हता. पोरीवर टपून बसलेला."

गड्यांनी पुन्हा वाकून पाहिलं. कोरड्या पाचटात माग कुठून दिसणार, आणि असला तरी त्यांच्याच पायांनी मोडला होता. सरूबाईनं तिला पाणी दिलं. "भास झाला असंल गं. दिवसभर लई वाकतीस तू," असं तिनं मायेनंच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा तो पोरगा मोटारसायकलवर आला, आदेश त्याचं नाव. गुणी पोरगा. ओसरीवर बसून त्यानं लॅपटॉप उघडला आणि तिचे दोन्ही फोटो तिला दाखवले.

"आजी, तुमच्यामुळं दोनदा चुकीचा अलार्म गेला. काळजी करू नका, आता शिकवलंय त्याला. हे बिबट्या नाही, हे माणूस आहे. तुम्ही कितीही वाकलात तरी आता वाजणार नाही."

त्याला वाटलं, आजीला बरं वाटेल.

"पर त्यो व्हता, बाबा. बुडाशी."

"बुडाजवळचं कॅमेऱ्याला दिसत नाही, हे खरं. मी वर कळवतो. पण होता याचा फोटो कुठाय, आजी?"

"मंग म्या आता त्याला वाजवायचं कसं?"

आदेश हसला. "तुम्हाला नाही वाजवावं लागणार. त्याचं तो ओळखतो."

ठमाबाई पोराला चहा देते म्हणून उठली आणि चुलीपाशी जाऊन बसली. चहाला आधण ठेवायचं तिला सुचलंच नाही.

त्या संध्याकाळी ती घास कापायला गेली नाही. सडकेवर जाऊन उभी राहिली. शाळेची गाडी आली, संस्कृती उतरली, आणि दप्तर सावरत तिनं लांबूनच खांबाकडं पाहिलं.

"हिरवा हाय, आज्जी. चल की."

ठमाबाईनं तिला उचलून कडेवर घेतलं. पोरीचे पाय खाली पार तिच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते. "सोड ना, पोरं बघत्यात," ती वळवळत होती. उसाच्या मधोमध, मोठमोठ्यानं तिचे पाढे म्हणत, चुकीचे का होईनात, ठमाबाई ताठ मानेनं चालत राहिली. घरात जाऊन आतून कडी लावली तरी तिनं पोरीला खाली ठेवलं नाही. सून कामावरून आली तेव्हा संस्कृतीनं तिला खिडकीतून हात घालून कडी काढायला सांगितलं. सुनेनं आत येऊन सासूची बोटं पोरीच्या अंगावरून एकेक करून सोडवली.