वैयक्तिक कारणास्तव

ओत्सुझावा गावाची बस सकाळी साडेसातला सुटते, आणि तिच्यात चढायला लोक सातपासून सुरुवात करतात. रोजच्या प्रवाशांतले सर्वात तरुण गृहस्थ एकोणसत्तर वर्षांचे आहेत. त्यांना सगळे ‘पोरगा’ म्हणतात आणि पिशव्या उचलायला लावतात. बस जाते जिल्ह्याच्या इस्पितळात. वाटेत शाळेचा थांबा आहे. शाळा बंद पडून बरीच वर्षं झाली, पण थांबा रद्द करणारा अधिकारी त्याआधीच निवृत्त झाला होता. त्यामुळे बस तिथे रोज थांबते, दार उघडते, थोडा बर्फ आत घेते आणि पुढे जाते.

ही बस सावाको मिनेगिशी चालवते. वय सत्तेचाळीस. नवरा तेत्सुरो शेतकरी सहकारी संस्थेत कारकून, मुलगी सेंदाई शहरात नोकरीला, घरी सासू. फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी गाडी सुरू करण्याआधी तिने नेहमीप्रमाणे आरशात पाहून विचारलं, “शिगेनोआजी, पट्टा लावला का?”

“लावला गं. आधी तू सांग, निकाल कधी?”

“शुक्रवारी.”

“म्हणजे शनिवारपासून तू मला तपासणार!”

“आजी, आधी सहा वर्षं शिकावं लागतं.”

“सहा?” मागच्या सीटवरून गोन्झोआजोबा ओरडले. ते एक्याण्णव वर्षांचे. “मी थांबतो पोरी, पण तू रेंगाळू नकोस हं!”

निकाल होता वैद्यकीय प्रवेशाचा. बस चालवणाऱ्या बाईला या वयात डॉक्टर व्हायचं होतं, आणि त्यामागचं कारण याच बसमध्ये घडलं होतं.

दोन हिवाळ्यांपूर्वी खिंडीत बर्फ हटवणाऱ्या यंत्रामागे बस अडकली असताना तोमीआजींनी छातीवर हात ठेवला. “काही नाही गं, जरा घट्ट वाटतंय,” त्या म्हणाल्या. या भागात माणूस ‘काही नाही’ म्हणाला की धावावं लागतं. सावाको धावली. पण धावून ती त्यांच्यापर्यंतच पोचली. पुढे काय करायचं हे तिला ठाऊक नव्हतं. रुग्णवाहिका खिंडीच्या पलीकडे उभी होती. सावाकोने आजींचा हात धरून ठेवला. तेवढ्यात बसमधल्या ध्वनिमुद्रित बाईने गोड आवाजात पुढचा थांबा जाहीर केला आणि प्रवासाबद्दल सर्वांचे आभार मानले. तोमीआजींच्या कानावर पडलेले ते शेवटचे शब्द.

गावात डॉक्टर नाही असं नाही. इशिगुरो डॉक्टर आहेत, वय चौऱ्याऐंशी. दरवर्षी ते निवृत्ती जाहीर करतात. दरवर्षी गाव त्यांचा सत्कार करतं, फुलं देतं, रडतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यासमोर रांग लावतं. पेशंटच्या छातीला नळी लावून कधीकधी त्यांचा डोळा लागतो. त्यांची झोप मोडू नये म्हणून पेशंट श्वास रोखून बसतात. नवे डॉक्टर येत नाहीत. आणले तर इथल्या हवेचं तोंड भरून कौतुक करतात आणि संध्याकाळच्या आत परत जातात.

सावाकोने मुलीची जुनी रसायनशास्त्राची पुस्तकं माळ्यावरून काढली. इस्पितळाबाहेर परतीच्या फेरीची वाट पाहताना ती बसमध्येच अभ्यास करू लागली. प्रवाशांनीही आपापले आजार मन मोठं करून अभ्यासाला दिले. गोन्झोआजोबांनी संधिवात दिला. शिगेनोआजींनी मूत्रपिंड दिलं आणि शेजारणीचा मधुमेहही, तिला न विचारता. लेखी परीक्षेत सावाको नुसती पास झाली नाही, शाळेतून थेट आलेल्या बहुतेक पोरांना तिने मागे टाकलं.

मग मुलाखत झाली. समोर तीन प्राध्यापक.

“शिक्षण संपून हाताला सवय होईपर्यंत तुम्ही अठ्ठावन्नच्या व्हाल,” मधले म्हणाले. ते स्वतः अडुसष्टचे होते आणि आदल्याच महिन्यात त्यांना मुदतवाढ मिळाली होती.

“हो साहेब. पण डॉक्टर नाही झाले तरी अठ्ठावन्नची होणारच आहे.”

उजवीकडचे हसले, मग आपणच एकटे हसलो हे लक्षात येऊन खोकले.

“घरी सासूबाई आहेत ना? त्यांचं कोण करणार?” मधल्यांनी विचारलं.

“तुमच्या आईंचं कोण करतं, साहेब?”

“माझी पत्नी.”

“तुम्ही प्राध्यापक कसे झालात ते आता कळलं,” सावाको म्हणाली. तिचा टोमणा मारायचा विचार नव्हता. तिला खरंच आत्ता कळलं होतं.

तर त्या मंगळवारी दुपारी ती जेवायला घरी आली तेव्हा दारात अनोळखी काळे बूट होते, टाचा आत आणि टोकं बाहेर, शिस्तीत. आत विद्यापीठाच्या प्रवेश विभागाचे उपप्रमुख कुराशिगे गुडघ्यांवर बसले होते. पुढ्यात मिठाईचा खोका होता.

हे प्रकरण नीट समजून घेतलं पाहिजे. पूर्वी बायकांचे आणि वय झालेल्यांचे गुण गुपचूप कापत. मग एकदा बोभाटा झाला, वर्तमानपत्रांत आलं, टक्कल पडलेली डोकी कॅमेऱ्यांसमोर ओळीने झुकली. तेव्हापासून हे विद्यापीठ गुण कापत नाही. माणूस पाठवतं. माणूस मिठाई घेऊन येतो.

“बाईसाहेब, आपले गुण फार उत्तम आहेत,” कुराशिगे म्हणाले. “इतके उत्तम आहेत की आम्हाला त्रास होतोय.”

“कसला त्रास?”

“तेच तर सांगता येत नाही.” त्यांनी मान झुकवली. “शुक्रवारच्या आत आपण स्वतःच माघार घेतलीत, तर सगळ्यांनाच सोपं जाईल. फोन करून इतकंच म्हणायचं की वैयक्तिक कारणास्तव.”

इथे कुणाला कुणी काढत नाही. पोटुशी बाई कचेरीतून जाते, म्हातारा कारागीर कारखान्यातून जातो, नकोशी सून घरातून जाते. आणि प्रत्येक जण वैयक्तिक कारणास्तव, स्वखुशीने जातो. फक्त तो जाईपर्यंत बाकीचे त्याच्याभोवती गोल करून, अदबीने मान झुकवून उभे असतात. गोल लहान होत जातो. गळा दाबणाऱ्या हातांनी आधी पांढरे हातमोजे घातले की त्याला इथे सभ्यता म्हणतात.

तेत्सुरो कोपऱ्यात बसला होता. भर दुपारी तो घरी कसा, हे सावाकोच्या आत्ता लक्षात आलं.

“आमच्या साहेबांनी बोलावलं होतं,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “त्यांचे मेहुणे विद्यापीठात आहेत ना. काही म्हणाले नाहीत. घरी सगळं ठीक ना, एवढंच विचारलं. दोनदा विचारलं.”

“मग?”

“मग काय! इतकं सरळ आजवर मला कुणी धमकावलं नव्हतं.”

सासूबाई, कियोमी त्यांचं नाव, एव्हाना खोका उघडून तिसरी मिठाई खात होत्या. “मी तर हिला आधीच म्हटलं होतं,” त्या म्हणाल्या. “डॉक्टर होशील, मला बरी करशील, म्हणजे आणखी दहा वर्षं मलाच सांभाळशील. एवढी शिकलेली बाई, पण हिशोब कच्चा.”

कुराशिगेंना आधार सापडला. “अगदी बरोबर बोललात! सासूबाईंची सेवा हे कारण तर फारच शोभून दिसेल.”

कियोमीबाईंचं चावणं थांबलं.

“काय म्हणालात?”

“म्हणजे, आपल्यासाठी त्या घरी राहिल्या, असं...”

“माझं नाव पुढे करायचं नाही. माझी चड्डी मी अजून माझ्या हाताने घालते. माझ्या सासूने मला नर्सिंगच्या शाळेतून असंच घरी बसवलं होतं, आणि तिलासुद्धा कुणीतरी हेच म्हणालं असेल, शोभून दिसेल म्हणून.” त्यांनी खोका कुराशिगेंकडे सरकवला. “आणि ही मिठाई शिळी आहे.”

सावाको सासूकडे बघत राहिली. पंचवीस वर्षं एका छपराखाली काढली होती, आणि नर्सिंगच्या शाळेची गोष्ट ती आज पहिल्यांदा ऐकत होती.

मग ती कुराशिगेंकडे वळली. “साहेब, कारण माझं वैयक्तिक नाही. कारण तुमचं आहे. नाही म्हणायचं तर तुम्ही म्हणा, तुमच्या तोंडाने. मी तुमच्यासाठी ते म्हणणार नाही.”

कुराशिगेंनी चटईला कपाळ टेकवलं आणि तसेच राहिले. इतका वेळ राहिले की कियोमीबाईंनी वाकून, माणूस झोपला की काय, ते पाहिलं.

स्टेशनवर जाणारी बस तीनला. दुसरी बस नाही, टॅक्सी नाही, आणि बस चालवणारी दुसरी व्यक्तीही नाही. कुराशिगे चढले आणि दाराजवळ चोरट्यासारखे बसले. सकाळच्यापैकी बरेच जण स्टेशनाजवळच्या गरम पाण्याच्या कुंडांवर निघाले होते.

“पाहुणे कुठले?” शिगेनोआजींनी लगेच विचारलं.

“मी... शहरातून आलो. विद्यापीठातून.”

“अगंबाई! म्हणजे सावाकोचं झालं?”

सगळी बस टाळ्या वाजवू लागली. कुराशिगे उठून नाही नाही म्हणत हात हलवू लागले. लोकांना वाटलं, संकोचाने. गोन्झोआजोबांनी त्यांच्या हातात संत्रं ठेवलं.

सावाकोने बस शाळेच्या थांब्यावर लावली. दार उघडलं. थांबे सांगायचा तारेचा ध्वनिक्षेपक काढून तिने मागे, कुराशिगेंसमोर धरला. “सांगा साहेब. ही माणसं माझ्यासाठी दोन वर्षं थांबली आहेत.”

समोरून काही दिलं की ते दोन्ही हातांनी घ्यायचं, हे कुराशिगेंच्या हाडांत मुरलेलं होतं. त्यांनी संत्रं खिशात घातलं, ध्वनिक्षेपक दोन्ही हातांनी घेतला आणि सवयीने झुकून म्हणाले, “विविध परिस्थितींचा विचार करता, या वेळी अत्यंत खेदपूर्वक...”

“काय म्हणतोय?” गोन्झोआजोबा ओरडले. “जोरात!”

“सर्व बाजूंनी विचार करता...”

“हे ऐकू आलं. कळलं नाही!”

“त्यांना घेणं अवघड आहे,” कुराशिगे म्हणाले.

“का? नापास झाली?”

“नाही.”

“मग?”

 दारातून बर्फ आत येत होता.

“वय,” कुराशिगे म्हणाले. ध्वनिक्षेपकामुळे तो शब्द छतातून, खिडक्यांतून, मागच्या सीटखालून आला.

“कुणाचं?” शिगेनोआजींनी विचारलं.

“बाईंचं. सत्तेचाळीस म्हणजे...” एरवी हे वाक्य त्यांना कधीच पूर्ण करावं लागत नसे.

कुणीतरी फिसकन हसलं. पाठोपाठ सगळे हसले. ‘पोरगा’ तर डोळे पुसू लागला. मग हसू एकेक करून थांबलं.

“सत्तेचाळीस म्हणजे म्हातारी,” शिगेनोआजी सावकाश म्हणाल्या. “तर मग आम्ही कोण? गेलेलोच का? तोमीसारखं?”

“तसं नाही आजी...”

“पुरुष घेता का या वयाचे?” सावाकोने विचारलं.

कुराशिगे खोटं बोलू शकले असते. बहुधा ध्वनिक्षेपक हातात नसता तर बोललेही असते. “गेल्या वर्षी एक घेतले. पन्नाशीचे. औषध कंपनीतले.”

“त्यांचं वय झालं नव्हतं?”

“त्यांच्या बाबतीत त्याला,” कुराशिगे पुटपुटले, आणि पुटपुटणंही मोठ्याने ऐकू आलं, “अनुभव म्हणतात.”

गोन्झोआजोबा काठी टेकत उठले, जागा धरत धरत पुढे आले आणि हात पुढे केला.

“माझं संत्रं दे.”

शुक्रवारी फलकावर तिचा क्रमांक नव्हता. खिडकीतल्या तरुण कारकुनाने सांगितलं, सर्व बाजूंनी विचार करून. सावाकोने विचारलं, कुठल्या कुठल्या बाजूंनी? तो म्हणाला, सर्व. आता ती कोर्टात गेली आहे. वकिलाला घरी कियोमीबाईंनीच बोलावलं. तेत्सुरोची बदली दूरच्या गोदामात झाली, अर्थातच त्याच्या विनंतीवरून.

आणि या फेब्रुवारीत सावाको पुन्हा परीक्षेला बसली. आता ती अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. हे वाढलेलं वर्ष तिचं नाही, त्यांचं आहे. तिला दाराबाहेर उभं करून त्यांनीच ते वाढवलं. मुलाखतीत तेच वर्ष तिच्या अंगावर फेकलं जाईल, फेकणारे तेच तिघे असतील, आणि खोलीतल्या कुणालाही घाम फुटणार नाही.

पण वाचकहो, फक्त त्या तिघांवर रागावून मोकळे होऊ नका. तुमच्या घरातली एखादी बाई कधीतरी म्हणाली असेल, मला अजून शिकायचंय. तेव्हा ताटावरून मान वर न करता तुम्ही म्हणाला असाल, “आता या वयात?” तिने विषय बदलला असेल. तुम्हाला भाजी वाढली असेल. तुमच्याकडे कुठल्याही विद्यापीठाला माणूस पाठवावा लागला नाही. त्यांचं काम तुम्ही जेवता जेवता केलंत.